मार्कोनी : अदृश्य लहरींचा धनी

अक्कलकोटच्या राजवाड्यातील शस्त्रागार हा महाराष्ट्रातील नामांकित शस्त्रसंग्रहांपैकी एक. तलवारी, कट्यारी, ढाली, भाले आणि बंदुका यांची तेथील मांडणी पाहताना शौर्याची एक जुनी, डोळ्यांना दिसणारी आणि हाताने पेलता येणारी परंपरा समोर उभी राहते. संस्थानिक फत्तेसिंहराव भोसले यांच्या कारकिर्दीत, विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत, हा संग्रह विशेष नावारूपाला आला. नेमक्या त्याच वर्षांत इंग्लंडमधील चेम्सफर्ड या गावी एका कारखान्यातून जे युद्धसाहित्य बाहेर पडत होते, ते कोणत्याही शस्त्रागाराच्या भिंतीवर टांगण्यासारखे नव्हते. त्याला धार नव्हती, नळी नव्हती आणि त्याचा मारा कोणाला दिसतही नव्हता. तरीही १९१४ ते १९१८ च्या महायुद्धात आरमारांच्या हालचाली त्याच्या आधारे ठरल्या. त्या कारखान्याला नाव होते गुल्येल्मो मार्कोनी यांचे.

अक्कलकोट रोड स्टेशनावरून मुंबईच्या दिशेने निघालेली गाडी सोलापूर मागे टाकून दौंडला येते आणि पुढे पुण्याजवळच्या खडकीवरून जाते. या लोहमार्गावरील दौंड आणि खडकी ही दोन नावे मार्कोनींच्या चरित्रात कायमची नोंदली गेली आहेत. इंग्लंड आणि हिंदुस्थान यांना जोडणारी त्यांची बिनतारी यंत्रणा १९२७ साली याच दोन ठिकाणी उभी राहिली. पण तेथवरचा प्रवास इटलीतील एका माळ्यावरच्या खोलीतून सुरू झाला होता.

मार्कोनींचा जन्म २५ एप्रिल १८७४ रोजी बोलोन्या शहरात झाला. वडील जुझेप्पे हे सधन इटालियन जमीनदार, तर आई ॲनी ही आयर्लंडमधील जेमसन या मद्यनिर्मितीसाठी प्रसिद्ध असलेल्या घराण्यातील. आईमुळे मुलाला इंग्रजी घरातच मिळाली. विद्यापीठाची रीतसर पदवी त्यांनी कधीच घेतली नाही. बोलोन्याचे प्राध्यापक आउगुस्तो रिगी यांच्या प्रयोगशाळेत डोकावण्याची मुभा मात्र मिळाली होती. हाइनरिश हर्ट्झ यांनी १८८० च्या दशकाच्या अखेरीस विद्युतचुंबकीय लहरींचे अस्तित्व प्रयोगाने सिद्ध केले होते. १८९४ साली हर्ट्झ यांचे निधन झाले आणि त्यांच्या कार्यावरचे लेख सर्वत्र प्रसिद्ध झाले. ते वाचून वीस वर्षांच्या मार्कोनींना एका गोष्टीचे नवल वाटले. या लहरींनी तारेविना निरोप पाठविता येईल, ही उघड दिसणारी गोष्ट अजून कोणी व्यवहारात का आणली नाही, हेच त्यांना उमजेना.

पोंतेक्यो येथील व्हिला ग्रिफोने या वडिलोपार्जित घराच्या माळ्यावर त्यांनी प्रयोग सुरू केले. १८९५ साली त्यांनी प्रक्षेपकाचे एक टोक उंच तारेला आणि दुसरे टोक जमिनीला जोडले. ही जोडणी वरकरणी साधी होती, परंतु तिच्यामुळे लहरींचा पल्ला एकदम वाढला. घरामागच्या टेकडीपलीकडे ग्राहक यंत्र घेऊन बसलेल्या मंडळींनी संदेश पोहोचल्याची खूण म्हणून बंदूक उडविली. बिनतारी दूरसंदेशाच्या यशाची पहिली वार्ता अशी बंदुकीच्या आवाजाने आली, हा योगायोग पुढच्या इतिहासाला साजेसाच म्हणावा लागेल.

त्याच सुमारास कलकत्त्यात आचार्य जगदीशचंद्र बोस यांनीही विद्युतलहरी भिंतींपलीकडे पाठवून घंटा वाजविली होती आणि दारू पेटवून दाखविली होती. बोस यांचा कल निसर्गाचे रहस्य उकलण्याकडे होता. पेटंट घेऊन पैसा करण्याची त्यांना मनस्वी नावड होती. मार्कोनींचा पिंड निराळा. आपण मूळ सिद्धांत शोधला असा त्यांचा दावा नव्हताच. इतरांनी प्रयोगशाळेत सिद्ध केलेल्या गोष्टी जोडून, सुधारून, त्यांतून विकता येईल असे विश्वासार्ह यंत्र उभे करणे हे त्यांचे कसब होते. बोस यांनी १८९९ साली लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे पाऱ्यावर आधारित लहरशोधकाचे वर्णन मांडले. दोन वर्षांनी मार्कोनींनी अटलांटिकपारचा संदेश ज्या साधनाने ऐकला, ते त्याच जातीचे होते. हे ऋण शास्त्रीय नियतकालिकांत साधार मांडले जायला १९९८ साल उजाडावे लागले.

१८९६ च्या फेब्रुवारीत मार्कोनी आईसह लंडनला आले. जगातील सर्वांत मोठे आरमार आणि सर्वांत मोठा व्यापारी जहाजांचा ताफा ब्रिटनचा होता. किनारा सुटला की जहाज जगापासून तुटते, ही त्या ताफ्याची सर्वांत मोठी अडचण होती. आईच्या नातलगांपैकी हेन्री जेमसन डेव्हिस यांनी ओळखी करून दिल्या. २ जून १८९६ रोजी पेटंटसाठी अर्ज गेला. टपाल खात्याचे मुख्य अभियंते विल्यम प्रीस यांनी या तरुणाला आश्रय दिला. सप्टेंबरमध्ये सॉल्झबरीच्या माळावर लष्कर आणि आरमाराच्या अधिकाऱ्यांसमोर प्रात्यक्षिक झाले. त्या अधिकाऱ्यांत कॅप्टन हेन्री जॅक्सन होते. युद्धनौकांना परस्परांशी बोलता यावे म्हणून त्यांनी स्वतंत्रपणे असेच प्रयोग चालविले होते. म्हणजे यंत्र बाजारात येण्यापूर्वीच त्याचे पहिले गिऱ्हाईक ठरून गेले होते.

२० जुलै १८९७ रोजी एक लाख पौंड भांडवलाची ‘वायरलेस टेलिग्राफ अँड सिग्नल कंपनी’ नोंदली गेली. तेवीस वर्षांच्या मार्कोनींना पंधरा हजार पौंड रोख आणि साठ टक्के समभाग मिळाले. टपाल खात्याच्या आश्रयाखालील शोध खासगी कंपनीच्या हाती गेल्याने प्रीस दुखावले. पुढे १९०० साली कंपनीच्या नावातच मार्कोनी हे नाव आले. ब्रिटनच्या संरक्षण इलेक्ट्रॉनिक्स उद्योगाची ही पायाभरणी होय, जरी इलेक्ट्रॉनिक्स हा शब्द तेव्हा प्रचारात नव्हता.

आरंभी लष्कराचा अनुभव फारसा चांगला नव्हता. १८९९ साली दक्षिण आफ्रिकेत बोअर युद्ध पेटले तेव्हा मार्कोनींचे तंत्रज्ञ यंत्रे घेऊन गेले. तेथील कोरड्या जमिनीवर आणि वादळी हवेत ती नीट चालली नाहीत, म्हणून लष्कराने ती बाजूला ठेवली. आरमाराने तीच यंत्रे युद्धनौकांवर बसविली आणि समुद्रावर ती उत्तम चालली. जुलै १९०० मध्ये आरमाराने बत्तीस यंत्रसंच घेण्याचा करार केला. प्रत्येक संचामागे दरसाल शंभर पौंड स्वामित्वशुल्क ठरले. कंपनी अद्याप तोट्यात होती. या कराराने तिला श्वास मिळाला आणि तिच्या भवितव्याची दिशाही ठरली.

त्याच वर्षी मार्कोनींनी ७७७७ या क्रमांकाचे प्रसिद्ध पेटंट घेतले. दोन केंद्रांनी एकाच तरंगलांबीवर सूर जुळवायचा, म्हणजे इतरांच्या संदेशांचा व्यत्यय येणार नाही, हे त्याचे सार. १२ डिसेंबर १९०१ रोजी न्यूफाउंडलंडमधील सेंट जॉन्स येथे, झोंबऱ्या वाऱ्यात पतंगाने वर नेलेल्या तारेच्या साह्याने, त्यांनी इंग्लंडच्या पोल्डू केंद्राकडून आलेले तीन टिंब ऐकले. एस या अक्षराची ती खूण होती. साक्षीला होता केवळ त्यांचा सहायक, त्यामुळे त्या दिवशी खरोखर काय ऐकू आले याविषयी तज्ज्ञांत आजही मतभेद आहेत. पण पुढच्याच वर्षी ‘फिलाडेल्फिया’ या जहाजावर दोन हजार मैलांपलीकडून आलेले संकेत कागदी पट्टीवर उमटले, तेव्हा शंकेखोरांना बोलायला जागा उरली नाही.

आपले संदेश सुरक्षित आहेत, असा कंपनीचा दावा होता. त्याची परीक्षा १९०३ च्या जूनमध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये झाली. मार्कोनींचे शास्त्रीय सल्लागार प्राध्यापक फ्लेमिंग यांचे व्याख्यान सुरू असताना ग्राहक यंत्रावर भलतीच टवाळखोर कवने उमटू लागली. नेव्हिल मॅस्केलिन हे व्यवसायाने जादूगार, शिवाय प्रतिस्पर्धी हितसंबंधांशी जोडलेले. त्यांनी जवळच्याच इमारतीतून हा उपद्व्याप केला होता. फ्लेमिंग संतापले. परंतु मॅस्केलिन यांनी दाखवून दिलेली गोष्ट खरीच होती. हवेत सोडलेला शब्द कोणीही ऐकू शकतो आणि कोणीही त्यात आपला शब्द मिसळू शकतो. शत्रूचे ऐकणे, त्याच्या संदेशांत अडथळे आणणे आणि आपले लपविणे ही पुढच्या शतकातील युद्धविद्येची एक मोठी शाखा झाली.

समुद्रावर मार्कोनींनी जवळपास मक्तेदारी उभारली. कंपनी यंत्रे विकत नसे, भाड्याने देई, आणि ती चालविणारा तारमास्तरही कंपनीचाच असे. संकटाची वेळ वगळता इतर कंपन्यांच्या यंत्रांवरून आलेल्या निरोपांना उत्तर द्यायचे नाही, असा दंडक होता. १९०२ साली जर्मन सम्राटाचे बंधू राजपुत्र हाइनरिश अमेरिकेहून परतताना त्यांच्या जहाजाशी मार्कोनी केंद्रांनी संपर्क नाकारल्याची तक्रार झाली आणि हा वाद राजकीय झाला. १९०३ आणि १९०६ साली बर्लिन येथे आंतरराष्ट्रीय परिषदा भरल्या. यंत्र कोणाचेही असो, किनाऱ्याने जहाजाला उत्तर दिलेच पाहिजे, हे तत्त्व अखेर मान्य झाले. हवा कोणाच्या मालकीची, या प्रश्नाला जगाने दिलेले ते पहिले उत्तर होते.

१९०९ साली मार्कोनींना जर्मनीच्या फर्डिनांड ब्राऊन यांच्यासमवेत पदार्थविज्ञानाचे नोबेल पारितोषिक मिळाले. त्याच वर्षी ‘रिपब्लिक’ हे जहाज अपघातात सापडले असता जॅक बिन्स या मार्कोनी तारमास्तराच्या हाकेमुळे पंधराशेच्या आसपास माणसे वाचली. तीन वर्षांनी ‘टायटॅनिक’ बुडाले. जॅक फिलिप्स आणि हॅरॉल्ड ब्राइड हे तेथील तरुण तारमास्तर कंपनीचेच नोकर होते. अखेरपर्यंत ते संदेश पाठवीत राहिले. फिलिप्स मृत्युमुखी पडला. ‘कार्पेथिया’ने सातशेहून अधिक जिवांना उचलले ते या संदेशामुळेच. पण याच प्रसंगाने व्यवस्थेतील दोषही उघडा पडला. प्रवाशांचे खासगी निरोप पाठविण्याच्या घाईत हिमनगाची एक सूचना जहाजाच्या अधिकाऱ्यांपर्यंत गेलीच नाही. जवळच असलेल्या ‘कॅलिफोर्नियन’चा एकुलता एक तारमास्तर त्या वेळी झोपी गेला होता. जहाजांवर अहोरात्र बिनतारी पहारा ठेवण्याचा आंतरराष्ट्रीय नियम या दुर्घटनेनंतर आला.

जग मार्कोनींना जीवनदाता म्हणून गौरवीत असतानाच लंडनमध्ये त्यांच्या नावाभोवती एक वादळ घोंगावू लागले. साम्राज्यातील देशांना जोडणाऱ्या बिनतारी केंद्रांच्या साखळीचे कंत्राट १९१२ साली कंपनीला मिळण्याच्या बेतात होते. कंपनीचे व्यवस्थापकीय संचालक गॉडफ्रे आयझॅक्स यांचे बंधू रुफस आयझॅक्स हे सरकारचे ॲटर्नी जनरल. त्यांनी, तसेच अर्थमंत्री लॉइड जॉर्ज यांनी अमेरिकन मार्कोनी कंपनीचे समभाग घेतल्याचे उघड झाले. पार्लमेंटमधील निवेदनात ही गोष्ट त्यांनी सांगितली नव्हती. चौकशी समितीत पक्षनिहाय फूट पडली आणि बहुमताने मंत्र्यांना निर्दोष ठरविले. हेच रुफस आयझॅक्स पुढे लॉर्ड रेडिंग होऊन १९२१ साली हिंदुस्थानचे व्हाइसरॉय झाले आणि त्यांच्याच कारकिर्दीत महात्मा गांधींना राजद्रोहाच्या आरोपाखाली सहा वर्षांची शिक्षा झाली. मार्कोनींवर वैयक्तिक ठपका आला नाही, पण त्यांना मनस्ताप फार झाला. त्याच वर्षी इटलीत मोटार अपघातात त्यांनी उजवा डोळाही गमावला.

१९१४ च्या ऑगस्टमध्ये महायुद्धाला तोंड फुटताच ब्रिटनने जर्मनीच्या समुद्रतारा तोडल्या. जर्मनांना बिनतारीवर अवलंबून राहणे भाग पडले आणि त्यांचे संदेश ऐकण्याची सोय ब्रिटिशांना आपोआप झाली. मार्कोनी कंपनीची केंद्रे सरकारने आपल्या ताब्यात घेतली. कंपनीचे अभियंते एच. जे. राऊंड यांनी संदेश कोणत्या दिशेने येतो हे शोधणारी केंद्रे उभारली. मे १९१६ च्या अखेरीस जर्मन युद्धनौकांच्या संदेशांची दिशा किंचित बदलल्याचे या केंद्रांनी टिपले. आरमार बंदरातून हलत असल्याचे ते चिन्ह होते. ब्रिटिश आरमार बाहेर पडले आणि जटलंडची लढाई झाली. स्वतः मार्कोनी त्या काळात इटलीच्या सैन्यात बिनतारी विभागाचे काम पाहत होते.

युद्धानंतर त्यांनी ‘इलेत्रा’ नावाची नौका घेऊन तिचीच तरंगती प्रयोगशाळा केली. वीस वर्षे त्यांनी लांब लहरी, प्रचंड मनोरे आणि अफाट वीज यांवर भर दिला होता. आता पन्नाशीच्या उंबरठ्यावर त्यांनी स्वतःचीच वाट सोडली. सी. एस. फ्रँकलिन या सहकाऱ्याबरोबर त्यांनी लघुलहरी शलाकेसारख्या एकाच दिशेने पाठविण्याचे तंत्र सिद्ध केले. खर्च आणि वीज दोन्हींत मोठी बचत झाली. जुलै १९२४ मध्ये ब्रिटिश सरकारशी करार झाला. दर मिनिटाला शंभर शब्द पाठविता आलेच पाहिजेत, अशी कठोर अट त्यात होती. १९२६ साली कॅनडा आणि १९२७ साली ऑस्ट्रेलिया, दक्षिण आफ्रिका व हिंदुस्थान या क्रमाने केंद्रे सुरू झाली.

हिंदुस्थानकडून जाणारे संदेश खडकीहून प्रक्षेपित होत आणि इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावरील स्केगनेसजवळ ते घेतले जात. ग्रिम्सबीजवळून निघालेले संदेश दौंडला उतरत. प्रक्षेपण आणि ग्रहण ही केंद्रे एकमेकांपासून दूर ठेवावी लागत, अन्यथा जवळच्या प्रचंड शक्तीच्या लहरींत दूरवरचा क्षीण संकेत बुडून जाई. म्हणून खडकी आणि दौंड अशी जोडी ठरली. १९२७ च्या जुलैमध्ये मुंबईत लॉर्ड आयर्विन यांच्या हस्ते इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचे नभोवाणी केंद्रही सुरू झाले. पंधरा वर्षांनी, १९४२ च्या ‘चले जाव’ आंदोलनात, उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच मुंबईत गुप्त काँग्रेस रेडिओ चालवून ब्रिटिश सत्तेलाच आव्हान दिले. हवेवर कोणाचा शिक्का चालत नाही, हे मॅस्केलिन यांचे म्हणणे तेथे वेगळ्या आणि उदात्त अर्थाने खरे ठरले.

शलाका केंद्रांचे यश कंपनीच्याच मुळावर आले. बिनतारी इतकी स्वस्त आणि जलद ठरली की समुद्रतारांच्या कंपन्यांचा व्यवसाय धोक्यात आला. युद्धप्रसंगी त्या तारा साम्राज्याला हव्याच होत्या, कारण तारेतला निरोप सहजासहजी कोणाला ऐकू येत नाही. त्यामुळे ब्रिटिश सरकारच्या प्रेरणेने १९२९ साली बिनतारी आणि तारा यांच्या कंपन्यांचे दळणवळण एका छत्राखाली आणले गेले. जिंकलेली बाजी मार्कोनींना अशी सोडून द्यावी लागली.

तोवर त्यांचे मन इटलीकडे ओढले गेले होते. १९२३ साली त्यांनी फॅसिस्ट पक्षाचे सभासदत्व घेतले. मुसोलिनीने त्यांना मानमरातब दिले, १९३० साली इटलीच्या रॉयल अकादमीचे अध्यक्षपद दिले. १९३५ साली इटलीने इथिओपियावर आक्रमण केले तेव्हा मार्कोनींनी त्याचे जाहीर समर्थन केले. त्यासाठी ब्रिटनमधून बोलण्याची त्यांची इच्छा होती, पण ज्या बीबीसीच्या स्थापनेत त्यांच्या कंपनीचा वाटा होता, तिनेच त्यांना ध्वनिक्षेपक नाकारला. चरित्रकारांना त्यांच्या आयुष्यातील हे पर्व टाळता येत नाही. आपले यंत्र कोणाच्या हाती पडते याचा विचार त्यांनी आयुष्यभर कधी केला नव्हता. आरमार, साम्राज्य आणि हुकूमशहा हे तिन्ही त्यांच्या लेखी मोठे ग्राहक होते.

२० जुलै १९३७ रोजी रोम येथे हृदयविकाराने त्यांचे निधन झाले. कंपनी नोंदल्याच्या दिवसापासून बरोबर चाळीस वर्षांनी. दुसऱ्या दिवशी अनेक देशांतील बिनतारी केंद्रे दोन मिनिटे स्तब्ध राहिली. त्यांनी भरून टाकलेली हवा त्यांच्याचसाठी क्षणभर रिकामी झाली.

कंपनी त्यांच्या मागे टिकली. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनच्या रडार यंत्रणेच्या उभारणीत तिचा हातभार लागला. १९४६ साली ती इंग्लिश इलेक्ट्रिककडे आणि १९६८ साली जीईसीकडे गेली. रडार, लष्करी दळणवळण, विमानांतील उपकरणे, पाणतीर अशा क्षेत्रांत मार्कोनी हे नाव ब्रिटिश संरक्षण इलेक्ट्रॉनिक्सचे समानार्थी झाले. १९९९ साली हा संरक्षण विभाग ब्रिटिश एरोस्पेसमध्ये विलीन होऊन बीएई सिस्टिम्स निर्माण झाली. उरलेल्या जीईसीने मार्कोनी हेच नाव धारण करून दूरसंचार व्यवसायात उडी घेतली, अमेरिकेत महागड्या कंपन्या विकत घेतल्या आणि २००१ च्या पडझडीत ती कोसळली. बारा पौंडांवर पोहोचलेला समभाग काही पेन्सवर आला. २००६ साली तिचा मोठा भाग स्वीडनच्या एरिक्सनने घेतला. दरम्यान, बीएईने २००५ साली आपल्या विमान-उपकरणांचा व्यवसाय इटलीच्या फिनमेकानिका समूहाकडे सोपविला. तोच समूह नंतर लिओनार्दो या नावाने ओळखला जाऊ लागला. इटलीतून लंडनला गेलेल्या तरुणाच्या वारशाचा काही अंश शतकानंतर अशा रीतीने माघारी आला.

खडकी आणि दौंडची केंद्रे चालविणारी इंडियन रेडिओ टेलिग्राफ कंपनी १९३० च्या दशकात तारांच्या व्यवसायाशी एकत्र झाली. १९४७ च्या आरंभी सरकारने हे दळणवळण ताब्यात घेऊन ओव्हरसीज कम्युनिकेशन्स सर्व्हिस स्थापन केली. तिचेच १९८६ साली विदेश संचार निगम झाले आणि २००२ साली त्याची सूत्रे टाटा समूहाकडे आली. साम्राज्याची गरज म्हणून उभी राहिलेली यंत्रणा स्वतंत्र देशाच्या कामी आली. शोध ज्याच्या नावावर जमा होतो, त्याच्या मर्जीने तो पुढे वागतोच असे नाही. मार्कोनींनी लहरींना वळण लावले, त्यांचा भाव ठरविला आणि त्या मोठमोठ्या सत्तांच्या सेवेला जुंपल्या. एवढे करूनही त्या त्यांच्या झाल्या नाहीत. हर्ट्झ यांच्या प्रयोगशाळेत आणि बोस यांच्या कलकत्त्यात त्या जशा होत्या, तशाच कोणाच्याही मालकीच्या न होता उरल्या.